वरची तीन मिनिटं

रोजा १. सोमवार, ११ मार्च

ही डायरी सिमेंटवाल्याने दिली. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. सैदू म्हणाला, "इक्का, तू माणसांशी बोलत नाहीस, निदान हिच्याशी तरी बोल." इक्का म्हणजे थोरला भाऊ. सैदू म्हणजे सैदलवी, माझ्या धाकट्या बहिणीचा, नबीसाचा नवरा. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला आमच्या तानूर गावाहून इथे आखातात आणला. मी वर क्रेन चालवतो. तो खाली उभा राहून वॉकीटॉकीवर सांगतो, सोड, थांब, उचल. एवढ्या उंचीवरून मला खालची जागा दिसतच नाही, त्याच्या आवाजावर माझे हात चालतात.

रमजानात सहाच तास काम. आमची पाळी दुपारी एक ते मगरीब, म्हणजे सूर्यास्तापर्यंत. इंजिनियर हद्दादचा नियम एका वाक्याचा आहे: मगरीब झाली की हूक असेल तिथे थांबवायचा.

आज पहिल्याच रोज्याला पंचाईत झाली. ६:२७ ला वॉकीटॉकीतून खालच्या मशिदीची बांग ऐकू आली. मी हूक थांबवला, डब्यातून खजूर काढला, तोंडाशी नेला आणि समोर पाहतो तर सूर्य शाबूत. सबंध गोळा, पाण्याला टेकायला आलेला, पण टेकलेला नाही. सूर्यासमोर बसून रोजा कसा सोडायचा? खजूर परत डब्यात ठेवला. तीन मिनिटांनी सूर्य बुडाला, मग खाल्ला. गोड लागला. खोटं का लिहू, जरा जास्तच गोड लागला.

रोजा ३. बुधवार, १३ मार्च

कामगार कॅम्पातल्या उस्तादांना, म्हणजे मौलवींना, विचारलं. ते म्हणाले, "अवरान, जो जिथे आहे त्याने तिथला सूर्य पाहावा. खालच्यांचा खाली, तुझा वर." म्हणजे मी केलं ते बरोबरच होतं. मला ते माहीतच होतं, पण विचारलेलं बरं.

सैदूने खोलीत सगळ्यांना समजावून सांगितलं. तो कोळ्याच्या घरचा. म्हणाला, "आमच्याकडे होडी परतायला उशीर झाला की माझा मामा माडावर चढायचा. किनाऱ्यावर उभ्या बाईला पाणी संपतं तिथवरच दिसतं, चार-पाच किलोमीटर. मामाला माडाच्या शेंड्यावरून त्याच्या पलीकडची होडी दिसायची. पृथ्वी भोपळ्यासारखी वाकलेली आहे ना, उंच जाशील तसं वाकणापलीकडचं दिसतं. इक्का तर साडेपाचशे मीटरवर बसतो. त्याला ऐंशी किलोमीटरवरचं पाणी दिसतं. आपला सूर्य वाकणाआड गेला तरी त्याच्यासाठी तो अजून अलीकडेच असतो."

कुणीतरी विचारलं, "मग इक्काचा रोजा आपल्यापेक्षा मोठा?"

"तीन मिनिटांनी मोठा. आणि पुण्य किती मोठं ते त्यालाच विचारा."

सगळे हसले. मी हसलो नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात आज सगळ्यात लांब रोजा माझा आहे, हे दिवसभर डोक्यात होतं.

रोजा ६. शनिवार, १६ मार्च

आता आमचा रोजचा शिरस्ता झालाय. बांग झाली की सैदू वॉकीटॉकीवर म्हणतो, "खाली बुडाला, इक्का." मी म्हणतो, "वर नाही." मग तीन मिनिटं तो बडबडतो. आज सांगत होता, नबीसाने फोनवर जिऱ्याच्या कांजीची कृती सांगितली, त्याने केली, आणि टेकबहादूर एक घोट घेऊन म्हणाला, "दाइ, औषध चांगलंय, आता जेवण वाढ." टेकबहादूर हा त्याचा जोडीदार, नेपाळी पोरगा. सैदूला दाइ म्हणतो, म्हणजे दादा. रोजे धरत नाही, पण इफ्तारला सगळ्यांच्या आधी हजर.

आपल्यात तारीख मगरीबला बदलते. माझा सूर्य बुडाला की मी सांगतो, "बुडाला." तो म्हणतो, "या, आता तुम्हीही नव्या तारखेत या." आणि वॉकीटॉकी बंद करतो.

खालचे लोक इफ्तारला चटई कुठे घालतात ते सैदूला विचारलं. म्हणाला, "तुझी काँक्रीट वाहणारी बकेट उतरते त्या जागी. सगळ्या आवारात तेवढाच काँक्रीटचा ओटा धुतलेला असतो. आणि बांगेनंतर तिथे काही उतरत नाही, त्यामुळे निवांत."

रोजा १०. बुधवार, २० मार्च

आज क्रेन चार मजले वर चढवली. सैदूने घड्याळ लावून मोजलं, म्हणे फरक दोन-तीन सेकंदांनी वाढला. "असाच चढत राहिलास तर ईद आमच्यानंतर करशील."

हद्दादसाहेब वर आला होता. काम अकरा दिवस मागे आहे. इमारत कमी आणि घड्याळच जास्त पाहत होता. जाताना म्हणाला, "मिस्टर अवरान, तुझा सूर्य म्हणे तीन मिनिटं उशिरा मावळतो. मग तीन मिनिटं आधी हूक का थांबवतोस?" हसत म्हणाला, पण उत्तराची वाटही पाहिली. मी म्हटलं, खालची माणसं थांबतात म्हणून. तो म्हणाला, "हं."

नंतर मी बराच वेळ विचार केला. माणूस चुकीचं बोलला नाही. माझा दिवस संपलेला नसतो आणि मी हात बांधून बसतो. रोजा माझ्या सूर्याने सोडायचा आणि काम मात्र खालच्या सूर्याने, हे कसलं?

रोजा १४. रविवार, २४ मार्च

आज सैदूशी वाजलं.

पाळी संपवून खाली आलो तर टेकबहादूर म्हणाला, "इक्का, तुम्ही लवकर बुडवत जा ना सूर्य. दाइची कांजी रोज गार होते." मला कळेना. मग तोच म्हणाला, "बांग होते, सगळे खातात. दाइ खजूर हातात धरून बसतो. तुम्ही 'बुडाला' म्हटल्याशिवाय खात नाही."

चौदा दिवस. मला कळू दिलं नाही.

मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. म्हटलं, सूर्य मावळला की रोजा लगेच सोडायचा असतो, मुद्दाम लांबवणं चांगलं नाही. तू खाली आहेस, तुझा सूर्य खालचा. हे कुणी शिकवलं तुला?

तो म्हणाला, "तू वर एकटा असतोस. एकट्याने काय खायचं? तीन मिनिटांनी माझं काय बिघडतं?"

"मला तुझी दया नकोय."

"दया कसली, इक्का. सोबत."

"माझ्या रोज्याला तुझी सोबत लागत नाही."

तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ही तीन मिनिटं तुझ्या डोक्यात गेलीयेत, इक्का. बसायची जागा उंच आहे तुझी. तू नाहीस."

सहा वर्षांपूर्वी मी याच्या व्हिसासाठी दारोदार फिरलो. आणि हा मला चारचौघांत हे ऐकवतो. मी म्हटलं, "उद्यापासून तू तुझ्या वेळेला खा. मी 'बुडाला' वगैरे काही सांगणार नाही. कामापुरतं बोलायचं."

तो बरं म्हणाला.

रोजा १६. मंगळवार, २६ मार्च

दोन दिवस कामापुरतंच बोलणं. सोड. थांब. उचल. काम उलट बरं होतं. बांगेनंतर वॉकीटॉकी गप्प. माझा सूर्य बुडतो, मी खजूर खातो, पाणी पितो. गोड लागत नाही ते उन्हाळ्यामुळे.

आज ती तीन मिनिटं वापरली. वरच्याच मजल्यावर सळयांचा एक भारा या टोकाचा त्या टोकाला ठेवला. खाली कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. हद्दादला वरच्या मुकादमाकडून समजलं असावं, लिफ्टपाशी भेटला तेव्हा त्याने खांद्यावर थाप मारली.

सैदूला सांगायला हवं की मी आता बांगेला थांबत नाही. पण आपण होऊन सांगायला गेलो तर त्याला वाटेल मी बोलायला निमित्त शोधतोय. विचारेल तेव्हा सांगीन.

रोजा १८. गुरुवार, २८ मार्च

सैदू गेला.

बकेट त्याच्यावर उतरली. ६:३७.

मी वर होतो.

रोजा २०. शनिवार, ३० मार्च

लिहायला बसलोय कारण झोप नाही आणि खोलीत कुणाशी बोलवत नाही. त्याची खाट माझ्या समोर आहे. चादर त्यानेच घडी घालून ठेवलेली.

काल त्याला विमानात चढवलं. आज तानूरला दफन झालं. मला जाता येत नाही, पोलिसांनी पासपोर्ट ठेवून घेतलाय.

झालं ते असं. ६:३३ ला सैदू म्हणाला, "सोड." रिकामी काँक्रीटची बकेट खाली निघाली. ती पोचायला चार मिनिटं लागतात. ६:३५ ला खाली मगरीब झाली. मी पन्नास मीटर उरले असताना हाक मारली, उत्तर आलं नाही. मग ते झालं. त्याने तिथे बसायला नको होतं.

नबीसाचा फोन आला. रडत नव्हती. एवढंच विचारलं, "इक्का, त्याने रोजा सोडला होता का? की उपाशी गेला?"

मी म्हटलं, "सोडला होता. दोन मिनिटं आधी बांग झाली होती. खाऊन घेतलं होतं त्याने."

ती म्हणाली, "बरं झालं. सगळ्यांना सांगते." आणि फोन ठेवला.

रोजा २२. सोमवार, १ एप्रिल

हद्दादने ऑफिसात बोलावलं. एसी इतका की दात वाजत होते. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कागदात लिहिलंय, खालच्या माणसाने बकेट सोडायची खूण दिली, मग जागा सोडून तो उतरायच्या ठिकाणीच खायला बसला, आणि क्रेन चालवणाऱ्याला थांबण्याची खूण मिळाली नाही. तीन मिनिटांचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

"सही कर. गुरुवारी सकाळी दहाला पोलिसांकडे जायचंय," तो म्हणाला. "तू सुटतोस, कंपनी सुटते. तो तर आता कुठल्याच कागदाच्या पलीकडे गेलाय."

मी म्हटलं, "साहेब, हूक का थांबवतोस असं तुम्ही विचारलं होतं."

"मी? मी थट्टा केली होती, मिस्टर अवरान. वेडा आहेस का? सूर्याची थट्टा होती ती." चेहरा अगदी स्वच्छ. मला वाटतं त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलाय.

कागद खिशात घालून आणला. तसं पाहिलं तर त्यात एकही वाक्य खोटं नाही. सैदूने "सोड" म्हटलं होतं. तो त्याच जागी बसला होता. मला "थांब" ऐकू आलं नव्हतं. सही केली तर आयुष्यभर त्याच्या नावापुढे बेपर्वा माणूस एवढंच राहील, आणि मी परत वर जाऊन बसेन. नाही केली तर तुरुंग. घरी दोन मुली आहेत माझ्या.

पोलिसांनी त्याच्या वस्तू दिल्या. पिशवीवर यादी चिकटवलेली. घड्याळ एक. फोन एक, फुटलेला. चावी एक. खजूर एक.

खजूर मुठीत होता म्हणे. हात उघडायला त्रास झाला.

म्हणजे नबीसाला मी खोटं सांगितलं. पण मला एक कळत नाही. बांग ६:३५ ला, बकेट ६:३७ ला. दोन मिनिटांत माणूस एक खजूर खाऊ शकत नाही? काय करत बसला होता तो?

रोजा २३. मंगळवार, २ एप्रिल

शनिवारी जे लिहिलं ते अर्धं आहे. डायरीशीही लबाडी केली. उरलेलं आज लिहितो.

६:३५ ला बांग वॉकीटॉकीतून ऐकू आली. स्पष्ट ऐकू आली. हात सवयीने दांड्यावर गेला, हूक थांबवायला. समोर सूर्य होता, अख्खा. मी हात मागे घेतला. मनात म्हटलं, माझा दिवस आहे अजून. बकेट जमिनीला टेकवून मगच खजूर खाईन, म्हणजे काम पुरं आणि रोजाही पुरा. हे अगदी याच शब्दांत मनात आलं.

पन्नास मीटरवर हाक मारली. "सैदू, पन्नास." उत्तर नाही. नियम काय आहे? उत्तर नाही तर हूक जागीच थांबवायचा. बावीस वर्षांत हा नियम मी कधी मोडला नाही. पण मला वाटलं, रुसलाय. चार दिवस धड बोलत नव्हता. वाटलं, मुद्दाम बोलत नाही, मीच पुन्हा हाक मारावी म्हणून गप्प बसलाय. आणि मला पुन्हा हाक मारायची नव्हती. वेग कमी केला आणि बकेट सोडत गेलो. दोर सैल पडला तेव्हा कळलं टेकली. जरा लवकरच टेकली असं वाटलं.

मग वॉकीटॉकीवर टेकबहादूरचा आवाज आला. शब्द नव्हते त्यात.

त्यानंतरही सूर्य होता. एक मिनिट तरी होता. तो बुडेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसलो, कारण खाली बघून काही दिसत नव्हतं.

कागदावर अजून सही केलेली नाही.

रोजा २५. गुरुवार, ४ एप्रिल

काल मला सामान मोजायला आवारात खालीच ठेवलं होतं. सगळ्या रमजानात पहिल्यांदा मगरीबला बांधकामाच्या जागी खाली होतो. चटई आता कुंपणापाशी घालतात. ओट्यावर कुणी जात नाही, तो दोनदा धुतलाय.

६:३८ ला बांग झाली. सगळ्यांनी खाल्लं. पलीकडच्या इमारतींमागे सूर्य केव्हाच गेला होता, रस्त्यावर दिवे लागलेले. टेकबहादूरने माझ्या हातावर खजूर ठेवला. आपल्या नियमाने मी लगेच खायला हवा होता. पण माझं लक्ष वर गेलं.

माझी केबिन पेटल्यासारखी लाल दिसत होती. खालचे शंभर मजले राखाडी झालेले, आणि अगदी वर, क्रेनच्या काचेवर तेवढं ऊन. मी बावीस वर्षं वर बसतो, ते खालून कधी पाहिलं नव्हतं. काल तिथे दुसरा कुणीतरी बसला होता आणि त्याचा दिवस चालू होता.

टेकबहादूर म्हणाला, "दाइ तेच बघायचा."

मी विचारलं, कधी?

"तुमचं भांडण झाल्यावर. तुम्ही वॉकीटॉकीवर सांगायचं बंद केलं ना. मग तो इथून मान वर करून बसायचा. मी म्हणायचो, खा रे. तो म्हणायचा, 'थांब, इक्काचा दिवस संपू दे.' ते लाल विझलं की खायचा."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण. वॉकीटॉकीचा आवाज त्याने दुआ मागायला कमी केला होता. केबिनकडेच बघत होता. बरोबर डोक्यावर काय येतंय ते त्याला दिसलं नाही. मला दिसलं तेव्हा फार खाली आलं होतं." मग पोरगा म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, इक्का."

मला माहीत नव्हतं. मला माहीत असतं तर मी काय केलं असतं, त्याचाही भरवसा देता येत नाही. कदाचित त्याच्यावर पुन्हा ओरडलो असतो. पण ती तीन मिनिटं तो माझ्यासाठी उपाशी बसला होता, आणि त्याच तीन मिनिटांत मी त्याच्यावर बकेट सोडत होतो. ज्या उजेडाकडे पाहून तो थांबला त्याच उजेडाकडे पाहून मी थांबलो नाही.

केबिन विझेपर्यंत मी उभा राहिलो. तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. मग खजूर खाल्ला.

आज सकाळी पोलीस ठाण्यात हद्दादचा कागद त्याला परत दिला आणि माझा पुढे केला, मल्याळममध्ये, माझ्या अक्षरात. बांग ऐकली होती. हूक थांबवला नाही. उत्तर आलं नाही तरी बकेट सोडत गेलो. मी बांगेला थांबत नाही हे त्याला सांगितलं नव्हतं. हद्दाद कागद उलटासुलटा करत म्हणाला, "हे कुठल्या भाषेत आहे? कोण वाचणार?" मी म्हटलं, दुभाष्या आणतील. पोलिसांनी उद्यापासून कोठडीत राहायला सांगितलंय, आज सामान आवरायला सोडलं. डायरी टेकबहादूरकडे ठेवून जाईन.

मग नबीसाला फोन केला. तिला म्हटलं, मी खोटं बोललो. त्याने रोजा सोडला नव्हता. माझा सूर्य बुडायची वाट पाहत होता. खजूर हातात होता.

तिच्यामागे कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "तो रोज त्याच ओट्यावर बसतो हे तुला ठाऊक होतं?"

त्याने मला सहाव्या रोज्याला सांगितलं होतं. या डायरीत लिहून ठेवलंय.

"हो," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला नाही. मीही कानाला धरून बसलो. इकडे मगरीबची बांग झाली, खोलीतल्यांनी माझ्यापुढे पाणी आणून ठेवलं, आणि तिकडून ती म्हणाली, "बांग ऐकू येतेय. सोड रोजा, इक्का. आता खालीच आहेस ना तू."